ग्रीनकार्डधारक मुलाला दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल शिक्षा झाली होती. ठाण्याला येऊन परत जाता येईल का?

पाचपाखाडीकर
माझा मुलगा कॅलिफोर्नियात असतो आणि २०१६पासून त्याच्याकडे ग्रीनकार्ड आहे. २०१९च्या उन्हाळ्यात पार्टीहून परतताना पोलिसांनी त्याला अडवले, रक्तातील अल्कोहोल मर्यादेबाहेर निघाले आणि त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला. दंड, तीन वर्षांचे प्रोबेशन व सक्तीचे वर्ग असे सारे पुरे झाले आहे. अपघात झाला नव्हता. तेव्हापासून तो भारतात आलेला नाही. मार्गशीर्षात त्याच्या बहिणीचे लग्न आहे आणि माझ्या पत्नीच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी त्याने पुढे सहा-सात महिने राहावे, अशी आमची इच्छा आहे, पण फोनवर तो एकच विचारतो, "बाबा, परत आत घेतील ना?" टोरोंटोमार्गे तिकीट बरेच स्वस्त मिळते आहे. जाणकारांनी कृपया सांगावे.

वाशीचा प्रवासी
काका, या दिव्यातून मी स्वतः गेलो आहे. माझीही एकदाचीच चूक. वाशीहून परतलो तेव्हा अधिकाऱ्याने बोटांचे ठसे घेतले, पडद्याकडे पाहिले आणि काही न बोलता मला आतल्या खोलीत पाठवले. तिथे मोबाइल वापरू देत नाहीत. दीड तासाने नाव पुकारले. मी न्यायालयाच्या शिक्क्याची निकालाची प्रत पुढे केली, अधिकाऱ्याने पाने उलटून शिक्षा पूर्ण झाल्याची ओळ शोधली, "एकदाच ना?" एवढे विचारले आणि पासपोर्ट परत दिला. शेजारच्या माणसाकडे कागद नव्हता. तो माझ्या आधीपासून बसला होता आणि मी निघालो तरी तिथेच होता. पुढचे विमान पकडायचे असेल तर मध्ये किमान चार तास ठेवा.

कोपरीचा निवृत्त कारकून
कायद्याची बाजू थोडी सविस्तर लिहितो. साधे मद्यपान करून गाडी चालवणे हा अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात सहसा नैतिक अधःपतनाचा गुन्हा (म्हणजे ज्यावरून प्रवेश नाकारता येतो असा) धरला जात नाही. मात्र परवाना निलंबित असल्याचे माहीत असूनही कोणी तसे केले, तर धरला जाऊ शकतो, हे तिथल्या अपील मंडळाच्या १९९९च्या निर्णयावरून दिसते. प्रकरणात अमली पदार्थ असतील तर तो वेगळाच आणि गंभीर मामला होतो. म्हणून आरोपपत्रातील नेमके कलम वकिलाला दाखवावे, आणि नंतर नोंद पुसून घेतली असली तरी दाखवावे, कारण इमिग्रेशनच्या दृष्टीने ती शिक्षा बहुधा तशीच उरते.

मुक्कामाचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. सलग १८० दिवसांहून अधिक बाहेर राहिलेल्या ग्रीनकार्डधारकाला कायदा नव्याने प्रवेश मागणारा समजू शकतो आणि मग जुनी प्रकरणे नव्याने तपासली जातात. तेव्हा सहा-सात महिन्यांचा विचार सोडावा. विमानतळावर ग्रीनकार्ड स्वेच्छेने सोडण्याचा अर्ज पुढे केला, तर त्यावर सही करू नये. इमिग्रेशन न्यायाधीशापुढे सुनावणी मागण्याचा त्याला हक्क आहे.

कळव्याची लेक
काका, टोरोंटोचे तिकीट घेऊ नका! कॅनडाने १८ डिसेंबर २०१८पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा दहा वर्षांची केली, त्यामुळे त्यानंतरचा एकच गुन्हाही तिथे गंभीर ठरतो. नुसते विमान बदलायचे असले तरी उड्डाण रद्द होऊन रात्री हॉटेलात जायची वेळ आली, तर त्यांच्या अधिकाऱ्यांपुढे उभे राहावे लागेल. तिथे पुनर्वसनाचा, म्हणजे जुन्या गुन्ह्यामुळे आलेली प्रवेशबंदी उठवण्याचा, अर्ज करायचा तर शिक्षा पूर्ण झाल्यावर पाच वर्षे जावी लागतात.

आणखी एक. लग्नाच्या गडबडीत त्याच्या हाती गाडीची किल्ली देऊ नका. आपल्याकडे मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, तिकडे ८०. आणि नाकाबंदीत सापडला, तर इथली अटक वा शिक्षाही अमेरिकी नागरिकत्वाच्या अर्जात लिहावी लागते.

पाचपाखाडीकर
सर्वांचा आभारी आहे. मुलाने आजच न्यायालयाकडे शिक्क्याच्या दोन प्रती मागितल्या. सॅन फ्रान्सिस्कोहून टोरोंटो टाळून मुंबईचे तिकीट पाहतो आहोत; महाग आहे, पण चालेल. शस्त्रक्रियेनंतर हिच्याजवळ राहायला माझी धाकटी बहीण येणार आहे, आणि मुलगा सहा आठवड्यांत परत जाईल. वरातीसाठी गाडी चालकासह ठरवली आहे.