सामने खेळायचे, मग प्रेक्षकांना व्हिसा का नाही?

सातारकर
2025च्या सप्टेंबरात आशिया चषकात भारत-पाकिस्तान दुबईत तीनदा खेळले आणि एकदाही हस्तांदोलन झालं नाही. अंतिम सामना जिंकूनही आपल्या संघाने पाकिस्तान क्रिकेट मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष मोहसीन नक्वी यांच्या हातून करंडक घेतला नाही. ते बघताना मला 2004चा पाकिस्तान दौरा आठवत राहिला. 1989नंतर पहिल्यांदाच आपण तिकडे कसोटी मालिका खेळायला गेलो होतो. कराचीच्या वनडेत आपल्या 349, त्यांच्या 344. इतका जवळ येऊन हरल्यावरही ते मैदान टाळ्या वाजवत उभं होतं.

माझे मामा लाहोरच्या सामन्याला गेले होते. अनारकली बाजारात त्यांनी पेशावरी चपला घेतल्या. भारतातून आलोय म्हटल्यावर दुकानदार पैसे घेईना. मामांनी त्या पार झिजेपर्यंत वापरल्या, आणि ‘तिकडचे सगळे सारखेच’ असं कुणी म्हटलं की ते भांडायला उठायचे. खेळाने युद्धं थांबत नाहीत हे मलाही कळतं. पण एवढं तरी होतं, आणि मला ते थोडं वाटत नाही.

डोंबिवलीकर
मामांबद्दल आदर आहेच. पण पहलगामला 26 माणसं मारली, त्यात महाराष्ट्रातली सहा, त्यातली तीन आमच्या डोंबिवलीची. दुसऱ्या दिवशी भागशाळा मैदानात अंत्यदर्शनाला मी गेलो होतो.

टाळ्यांचंच म्हणाल तर चेन्नई आठवा, 31 जानेवारी 1999. सचिनने 136 करूनही आपण 12 धावांनी हरलो, तरी चेपॉकने उभं राहून पाकिस्तानी संघाचं कौतुक केलं. तीन आठवड्यांत वाजपेयी बसने लाहोरला गेले. मे महिन्यात कारगिलची शिखरं घुसखोरांच्या ताब्यात असल्याचं कळलं. टाळ्या वाजवणाऱ्याच्या हातात काही नसतं हो. ठरवतं ते रावळपिंडीचं लष्कर, आणि ते स्कोअरबोर्ड बघून ठरवत नाही.

टेबलाकाठी
मी शाळेपासून टेबल टेनिस खेळते, त्यामुळे 1971चा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. जपानमध्ये नागोयाला जागतिक स्पर्धा होती. ग्लेन कोवन हा अमेरिकी खेळाडू चिनी संघाच्या बसमध्ये चढला. सगळे गप्प. झुआंग झेदोंग हा चिनी खेळाडू मागून उठून पुढे आला आणि त्याने कोवनला रेशमावरचं एक चित्र भेट दिलं. काही दिवसांत अमेरिकी संघ चीनमध्ये होता, पुढच्या फेब्रुवारीत अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन.

पण माओ आणि निक्सन दोघांनाही रशियाची धास्ती होती, दोघांनाही जवळ यायचंच होतं. दाराची कडी आतून आधीच काढलेली होती. (निक्सन यांचे सल्लागार किसिंजर मधल्या काळात गुपचूप बीजिंगला गेले ते पाकिस्तानमार्गे, हेही इथे आठवतं.) चेन्नईच्या वेळी पाकिस्तानचे तेव्हाचे लष्करप्रमुख मुशर्रफ यांच्या बाजूने कडी घट्ट लागलेली होती. म्हणून मला डोंबिवलीकरांचं बरंचसं पटतं.

सातारकर
चेन्नईचा मुद्दा मान्य. कडी लागलेली असेल तर सामने बंद ठेवा, मी हरकत घेणार नाही. 2012-13नंतर द्विपक्षीय मालिका झालेलीच नाही. पण आत्ता जे चाललंय ते काय आहे? प्रत्येक मोठ्या स्पर्धेत दोघांना एका गटात घालायचं, कारण प्रक्षेपणाचा पैसा त्याच सामन्यावर. मैदान तिसऱ्याच देशाचं. म्हणजे खुन्नस तेवढी ठेवली आणि मामा व तो चपलांचा दुकानदार यांनाच व्हिसा नाकारून वगळलं. ज्याने थोडंफार निवळत होतं नेमकं तेच काढून टाकलं.

डोंबिवलीकर
पैशाबद्दल शंभर टक्के सहमत. आशिया चषकातल्या त्या तिन्हींपैकी एकही सामना मी पाहिला नाही. व्हिसाचं मात्र पटत नाही. 2005ला मोहालीच्या कसोटीला तिकडचे प्रेक्षक आले, चंदीगडच्या लोकांनी त्यांना घरी उतरवून घेतलं. तीन वर्षांनी 26/11.

टेबलाकाठी
इथे मी तुमच्या बाजूने नाही. ते दहा जण कराचीहून समुद्रामार्गे आले. व्हिसा एकाकडेही नव्हता.

डोंबिवलीकर
पण त्याआधी मुंबईत फिरून रेकी करणारा हेडली अमेरिकी पासपोर्टवर रीतसर व्हिसा काढूनच आला होता, ते विसरू नका. पाकिस्तानातल्या कर्तारपूरच्या गुरुद्वाऱ्याला यात्रेकरू नावनोंदणी आणि पडताळणी होऊन जात होते, तसे मोजके प्रेक्षक जाऊ-येऊ द्यावेत, इथपर्यंत मी एखादे दिवशी येईनही. आज नाही. भागशाळा मैदानावरून माझं रोज जाणं-येणं आहे.