मदत हवी आहे: युरोपीय संगीतात बरोक कालखंड संपून क्लासिकल सुरू झालं, हे कानाने कसं ओळखायचं?

युरोपीय कालखंडांच्या चित्रांत मला फारसं अडत नाही. काराव्हाज्जोचा दाट काळोख आणि बाजूने पडणारा उजेड दिसला की बरोक, फ्रागोनारचे फिके गुलाबी रंग दिसले की रोकोको. अडतंय ते संगीतात.

थोरला बाख (योहान सेबास्टियान, बरोक) आणि हायडन (क्लासिकल) हे संगीतकार वेगळे कळतात. बाखचा बास (सगळ्यात खालची, खर्जातली सुरावट) सतत चालत राहतो आणि अख्ख्या तुकड्यात बहुधा एकच भाव टिकतो. हायडनची वाक्यं छोटी, सवाल-जवाबासारखी, मध्ये मोकळी जागा सोडणारी. पण 1730 ते 1770 मधलं काही लावलं की गोंधळ उडतो. बाखचाच मुलगा कार्ल फिलिप इमान्युएल घ्या: हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं, तारा छेडणारं कळवाद्य) वाजतोय म्हणून बरोक म्हणावं, तर भाव एकदम पालटतो! हार्पसिकॉर्डची खूण तशीही भरवशाची नाही, हायडनच्या सुरुवातीच्या सिंफनींतही काहीजण तो वाजवतात.

नोटेशन वाचता येत नाही, कान हिंदुस्थानी संगीतावर तयार झालाय. सनावळ्या पाठ आहेत, त्या नकोत. अनोळखी तुकडा लागला की पहिल्या मिनिटात आधी कशाकडे लक्ष द्यायचं: बासच्या चालीकडे, वाक्यांच्या लांबीकडे की आवाजाच्या चढउताराकडे? आणि हा बदल टप्प्याटप्प्याने ऐकायला कोणत्या रचना कोणत्या क्रमाने घेऊ?