अपरिचित चित्रकाराची चित्रे ऑनलाइन लिलावात : पहिली बोली किती ठेवावी?

नौपाड्याचा पुतण्या
नमस्कार. माझे चुलते पन्नासच्या दशकात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून जी. डी. आर्ट (कलेची सरकारी पदविका) झाले आणि पुढे निवृत्तीपर्यंत ठाण्यातल्या एका शाळेत मुलांकडून एलिमेंटरी-इंटरमीजिएट या चित्रकला परीक्षांची तयारी करून घेत राहिले. त्यांचे स्वतंत्र प्रदर्शन कधी भरले नाही. आमची इमारत पुनर्विकासाला जाणार असल्याने माळा रिकामा केला, तेव्हा ३८ जलरंगचित्रे आणि ५ तैलचित्रे निघाली. बहुतेकांत मासुंदा तलाव, कोपिनेश्वराचे देऊळ आणि खाडी आहे. एका लिलावगृहाला छायाचित्रे पाठवली होती, परंतु त्यांनी दोन ओळींत नम्रपणे नकार कळवला. आता विक्रेत्याने स्वतःच चित्र मांडायचे, अशा एखाद्या संकेतस्थळावर लिलाव करावा असा विचार आहे. मित्र म्हणतो, एक रुपयापासून सुरुवात कर, भाव आपोआप चढेल. पत्नीचे मत असे की, पंचवीस हजारांखाली काकांचे एकही चित्र घराबाहेर जाता कामा नये. यांतले कोणाचे ऐकावे?

वाशीकर
दोघांचेही ऐकू नका. आठ-नऊ वर्षे अशी चित्रे घेत आणि विकत आलो आहे, त्यावरून सांगतो. नकार मनाला लावून घेऊ नये, कारण मोठ्या लिलावगृहाला कॅटलॉग, विमा आणि साठवणीचा खर्च दलालीतून भरून काढायचा असतो, आणि काही हजारांच्या चित्रात तो निघत नाही. प्रसिद्ध चित्रकार वासुदेव गायतोंडेही जे. जे. चेच, आणि २०२१ साली त्यांच्या १९६१ च्या एका चित्राला ३९.९८ कोटी रुपये मिळाले, पण त्या बाजाराशी आपला संबंध नाही.

एक रुपयाची युक्ती तिथे चालते, जिथे नाव शोधत येणारी पाच-पन्नास माणसे असतात. लिलावात भाव चढायला एकाच चित्रावर जीव जडलेली किमान दोन माणसे लागतात, आणि अपरिचित चित्रकाराच्या वाट्याला बहुधा एकच येतो. मी एकदा नदीघाटाचे सुरेख जलरंगचित्र नव्व्याण्णव रुपयांना लावले, ते नव्व्याण्णवलाच गेले आणि कुरिअरला त्याहून जास्त मोजावे लागले. म्हणून ज्या रकमेला चित्र गेले तरी रात्री झोप लागेल, तीच पहिली बोली ठेवावी. तुमच्या जलरंगांना मी अडीच-तीन हजारांपासून सुरुवात करीन. गुप्त राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली चित्र विकायचे नाही पण जी ग्राहकाला दिसत नाही अशी रक्कम, ठेवू नये, कारण बोली लावूनही चित्र मिळत नाही असे दिसले की लहान ग्राहक परत फिरकत नाही.

दुसरे म्हणजे, मथळ्यात चित्रकाराच्या नावाआधी जागेचे नाव घाला. काकांचे नाव कोणी शोधणार नाही; ‘मासुंदा तलाव, ठाणे’ मात्र पुण्यात किंवा परदेशात राहणारा जुना ठाणेकर नक्की शोधील. अडतीस चित्रे एकदम मांडलीत तर तुमचीच चित्रे एकमेकांचा भाव पाडतील. महिन्याला चार-पाच पुरेत.

पाचपाखाडीचा फ्रेमवाला
छायाचित्र काच काढून, खिडकीपाशी, दिवसाउजेडी घ्यावे, आणि मागची बाजू, सही व प्रत्येक डाग यांची वेगळी छायाचित्रे जोडावीत. माळ्यावरच्या दमटपणाने जलरंगांवर तपकिरी ठिपके पडलेले असतील, तर ते खोडरबराने किंवा ओल्या कापसाने पुसण्याच्या भानगडीत पडू नका. एका ग्राहकाने ब्रेडच्या मऊ भागाने आकाश पुसून आणले होते. ठिपके तसेच राहिले आणि आकाश गेले. डाग जसे आहेत तसे वर्णनात लिहिले, तर माल परत येत नाही.

पाठवताना जलरंग गुंडाळू नये. दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवावा आणि चित्राला लागून आम्लविरहित कागद घालावा. तैलचित्र चौकटीसह पाठवणेच उत्तम. गुंडाळणे अगदी भागच पडले, तर रंगाची बाजू बाहेर ठेवून मोठ्या व्यासाच्या नळीवर गुंडाळावे. रंग आत ठेवला तर तो दाबला जाऊन सुटतो, हे पुष्कळांना उलटे वाटते.

नेरूळचा करसल्लागार
थोडक्यात दोन मुद्दे. घरातले चित्र ही वैयक्तिक वापराची वस्तू मानली जात नाही, त्यामुळे विक्रीवरचा नफा भांडवली नफा ठरतो. वारशाने आलेल्या चित्रासाठी काकांचा मालकीकाळही धरला जातो, आणि चित्र १ एप्रिल २००१ पूर्वीचे असल्यास त्या दिवसाची वाजवी बाजारकिंमत मूळ किंमत म्हणून घेता येते. दुसरे, चित्र विकले म्हणजे त्याचा स्वामित्वहक्क (कॉपीराइट) विकला असे होत नाही. तो चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे वारसांकडे राहतो, तेव्हा वर्णनात तसे एक वाक्य घाला, नाहीतर उद्या काकांचा तलाव कोणाच्या तरी दिनदर्शिकेवर दिसेल.

नौपाड्याचा पुतण्या
सर्वांचे आभार. काल रात्री चित्रे फ्रेममधून काढताना एका जलरंगाच्या मागे काकांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेले सापडले : ‘कळवा पूल, ओहोटी, ७.१०, पाण्याला हिरवा कमी’. ते पत्नीने विकायच्या गठ्ठ्यातून काढून घेतले, त्यामुळे आता ३७ राहिली. पहिल्या खेपेला पाच लावतो, तीन हजारांपासून. एक अडचण मात्र उरते : निम्म्याहून अधिक चित्रांवर सहीच नाही. मला त्यांची सही हुबेहूब येते, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर पुष्कळदा केली आहे. घालू का?

वाशीकर
मुळीच नाही, प्रगतिपुस्तकाचा गुन्हा माफ झाला असेल, हा होणार नाही. ‘सही नाही, चित्रकाराच्या कुटुंबाकडून थेट’ असे स्पष्ट लिहा आणि सोबत सही असलेल्या चित्राचे, तसेच जी. डी. आर्टचे प्रमाणपत्र असल्यास त्याचे छायाचित्र द्या. ‘पाण्याला हिरवा कमी’ अशा ओळी आणखी कोणत्या चित्रांमागे आहेत ते आधी पाहा, आणि पहिल्या पाचांत तीच लावा.