मदत हवी आहे: प्रोसेको न उघडता अपेरॉल कसं प्यावं?

नमस्कार मंडळी,

नोकरीमुळे सध्या इटलीत, पादोव्हाला मुक्काम आहे. अपेरॉल हे केशरी, कडू-गोड मद्य याच गावचं. बार्बिएरी बंधूंनी १९१९ साली इथल्या व्यापारी प्रदर्शनात ते पहिल्यांदा मांडलं. संध्याकाळी पियात्झा देल्ले एर्बे या चौकात बाहेरच्या टेबलांवर जिकडेतिकडे केशरी ग्लास दिसतात, आणि मलाही ही चव फार आवडली आहे. आधी संत्र्याचा गोडवा, मग सालीच्या आतल्या पांढऱ्या भागाचा कडवटपणा, आणि घोट गेल्यावर जिभेच्या मुळाशी मागे राहणारी काहीशी औषधी चव. अल्कोहोल ११ टक्केच, त्यामुळे जेवणाआधी एक ग्लास घेतला तरी जेवणाची मजा जात नाही.

अडचण अशी की घरी पिणारे आम्ही दोघंच. तीन भाग प्रोसेको (इथली बुडबुडेवाली पांढरी वाइन), दोन भाग अपेरॉल, थोडा सोडा या नेहमीच्या प्रमाणाने स्प्रिट्झ हे पेय छानच होतं. पण दोन ग्लासांना प्रोसेको लागते जेमतेम १८० मिली आणि बाटली असते ७५० मिलीची. बाकीचीतला बुडबुडा दुसऱ्या दिवशी गेलेला असतो. नुसता सोडा घालून पाहिला, पेय पुळकवणी झालं. टॉनिक घातलं तर कडूपणा वाढतो खरा, पण टॉनिकमध्येही साखर असतेच.

घरी सहज करता येईल असं काही सुचवाल का? शेकर वगैरे नाही. शनिवारी बहीण आणि भावजी येताहेत, भावजींना गोड अजिबात चालत नाही.

प्रतिसाद १
प्रोसेकोच हवी असेल तर २०० मिलीच्या छोट्या बाटल्या मिळतात, दोघांना एक पुरते. पण मी म्हणेन, साधी कोरडी पांढरी वाइन वापरा. तुमच्या जवळची सोआवे उत्तम. व्हेनेतोत, म्हणजे पादोव्हाच्याच प्रांतात, स्प्रिट्झ पूर्वी अशाच बिनबुडबुड्याच्या वाइनचं होत असे. ९० मिली वाइन, ६० मिली अपेरॉल आणि तेवढाच सोडा. सोडा नुकता उघडलेला आणि एकदम गार हवा, सगळा जोर त्याचाच असतो. बर्फ ग्लासभर घाला. दोनच खडे टाकले तर ते लगेच वितळतात आणि पेय पातळ होतं. उरलेली वाइन बूच लावून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस सहज राहते.

प्रतिसाद २
भावजींसाठी अपेरॉल निम्मं करा आणि निम्मं कांपारी (अपेरॉलच्याच जातीचं लाल मद्य) घाला. कांपारी बरंच कडू आणि इटलीत २५ टक्क्यांचं असतं, तेव्हा हात आखडता ठेवा. वर लिंबाची फोड पिळा.
तुम्हा दोघांसाठी गारिबाल्डी. मूळ पेय कांपारी आणि ताज्या संत्र्याच्या रसाचं, पण अपेरॉलनेही फार सुरेख होतं. एक भाग अपेरॉल, तीन भाग रस. खुबी एवढीच की रस फेस येईपर्यंत घुसळायचा, मग ते पेय हलकं लागतं. हिवाळ्यात सिसिलीची लाल संत्री मिळतील तेव्हा तर कराच. डब्यातला रस मात्र नको, त्याने नुसतं सरबत होतं.

धागाकर्ती
दोघांचेही आभार! सोआवे आजच आणते. गारिबाल्डीसाठी ब्लेंडर नाही, पण आईने दिलेली ताकाची छोटी रवी आहे. तिने रस घुसळला तर चालेल का?

प्रतिसाद २
अगदी चालेल. रस आधी चांगला गार करा, उंच भांड्यात घुसळा आणि अपेरॉल-बर्फावर लगेच ओता. थांबलात तर फेस बसतो.