लक्षद्वीपला न उतरताच परतलेली क्रूझ

प्रश्न : आईबाबांना घेऊन मुंबईहून लक्षद्वीपच्या क्रूझवर गेलो होतो, परंतु वारा वाढल्याचे सांगून कप्तानाने तिथल्या अगत्ती बेटावर कोणालाच उतरू दिले नाही आणि आईला कठड्याला धरून ते निळे पाणी नुसते दुरून पाहावे लागले. पैसे परत मागता येतील का?

उत्तर १ : मोठी जहाजे तेथे खोल पाण्यात नांगर टाकतात आणि प्रवाशांना लहान होड्यांतून किनाऱ्यावर नेतात, त्यामुळे लाटा उसळल्यावर, विशेषतः वयस्कर माणसांना, उतरवणे खरोखरच धोक्याचे असते. कप्तानाचे चुकले असे मला वाटत नाही. बेटावरील सहलीचे पैसे मात्र लेखी मागावेत.

उत्तर २ : हवामानाची कल्पना असूनही कंपनीने ती लपवली असेल, तर ती सेवेतील त्रुटी ठरू शकते. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक आयोगाकडे दाद मागण्यास २ वर्षांची मुदत असते.