मेल सर्व्हरला स्वतःचं मशीनच पाहिजे, व्हीएम नको

कुपवाडकर:
आमच्या एमआयडीसीतल्या युनिटचा मेल सर्व्हर गेल्या वर्षी व्हीएमवर (एका मोठ्या मशीनवर, म्हणजे होस्टवर, चालणारा आभासी संगणक) नेला, मेल घ्यायला-पाठवायला पोस्टफिक्स, मेलबॉक्स उघडायला डोव्हकॉट, व्हायरस तपासायला क्लॅमएव्ही, रॅम २ जीबी, खाती ७५, आणि तेव्हापासनं डोक्याला ताप झालाय. दिवसातनं एकदा तरी क्लॅमडी (क्लॅमएव्हीचा सतत चालणारा प्रोग्राम) मरतो, लॉगमध्ये ओओएम किलर (रॅम संपली की लिनक्स प्रोग्राम मारतं ते), मग मेल रांगेत अडकतात आणि सकाळच्या ऑर्डरी संध्याकाळी पोचतात. जुन्या मशीनवर हे कधी झालं नाही. मेलला व्हीएम नकोच.

मिरजकर:
भावा दोष व्हीएमचा नाही, २ जीबीचा आहे. क्लॅमडी सगळ्या सिग्नेचर (व्हायरस ओळखायच्या खुणा) रॅममध्ये घेऊन बसतो, त्याला एकट्यालाच १ जीबीच्या वर लागतं, आणि ०.१०३ व्हर्जनपासनं नवीन डेटाबेस उतरला की जुना धरून ठेवून नवा भरतो, म्हणजे तेवढा वेळ जवळपास दुप्पट. तिथंच मरतोय तो. कॉन्फिगमध्ये कॉन्करंट डेटाबेस रीलोड 'नो' कर, रीलोड होईस्तोवर स्कॅन थांबेल पण जीव वाचेल. नाहीतर सरळ ४ जीबी दे. जुन्या मशीनला रॅम किती होती ते सांग की आधी.

कुपवाडकर:
८ होती, मान्य. पण सकाळी १० ला सगळे एकदम मेल उघडतात तेव्हा रॅम शिल्लक असून आयमॅप (सर्व्हरवरचे मेल वाचायची सोय) लटकतं त्याचं काय? टॉप कमांडमध्ये डब्ल्यूए (डिस्कची वाट बघण्यात गेलेला सीपीयूचा वेळ) ४० टक्क्यांच्या वर. त्याच होस्टवर अकाउंटचं विंडोज व्हीएम, त्याचा बॅकअप त्याच वेळी, आणि सगळं एकाच हार्डडिस्कवर. पोस्टफिक्स मेल डिस्कवर पक्का लिहिल्याशिवाय समोरच्याला 'मिळाला' म्हणत नाही, मेलडिर पद्धतीनं साठवताना तर प्रत्येक मेलची वेगळी फाइल. शेजाऱ्यानं डिस्क अडवली की आम्ही ताटकळत. स्वतःच्या मशीनवर शेजारी असतो का?

सांगली गावभाग:
शेजारी नसतो, पण पाणी येतं ना. २०१९ च्या महापुरात आमच्या ऑफिसचं असंच 'स्वतःचं मशीन' तळमजल्यावर बुडालं, बॅकअप शेजारच्याच कपाटात, तोही गेला. मेल परत उभा करायला तीन आठवडे लागले आणि जुने मेल गेले ते गेलेच, आजही व्यापाऱ्यांचे हळदीचे जुने सौदे निघाले की हात चोळत बसतो. आज व्हीएमची कॉपी रोज रात्री पुण्याला जाते. तुमच्या होस्टवर बलूनिंग (व्हीएमची रॅम होस्टनं कमी-जास्त करणं) चालू असेल तर मेलच्या व्हीएमसाठी ते बंद करा, किमान आणि कमाल रॅम सारखी ठेवा, नाहीतर होस्ट ऐनवेळी रॅम काढून घेतो. टॉपमधला एसटीचा आकडा (सीपीयूची वाट बघण्यात गेलेला व्हीएमचा वेळ) पण बघा, तो चढला तर सीपीयू पण वाटून खाल्लाय.

मिरजकर:
बरोबर. आणि बॅकअप रात्री २ ला न्या, मेलला वेगळी एसएसडी.

कुपवाडकर:
रॅम ४ करतो, बलूनिंग बंद करतो, बॅकअपची वेळ आजच बदलतो. एसएसडीचं साहेबांना विचारावं लागेल. पण एवढं करून सोमवारी १० ला परत लटकलं तर जुनं मशीन माळ्यावरनं खाली काढणार, वरच्या मजल्यावर ठेवीन हवं तर.