गॅन्ट्री रोबोटसाठी खुरपणीचं अवजार: तण मरत नाही आणि अवजार मध्येच निसटतं

वाफा_आणि_वायर
वाफा ३ मीटर लांब, १.५ मीटर रुंद. त्यावर रुळांवरून फिरणारी गॅन्ट्री, म्हणजे अवजार धरणारी आडवी चौकट. एक्स आणि वाय अक्ष जीटी२ या दातेरी बेल्टवर, स्टेपर मोटर नेमा १७ मापाची; झेड म्हणजे उभ्या अक्षाला ८ मिमी लीडचा (एका फेऱ्यात ८ मिमी सरकणारा) स्क्रू. अवजार बदलायची प्लेट ६० मिमी चौरस, तिच्यात ४ चुंबक चौकोनात, केंद्रांतलं अंतर ४० मिमी, प्रत्येकाची ओढ अंदाजे १५ न्यूटन.

सध्याचं अवजार म्हणजे थ्रीडी प्रिंट केलेले ९ खिळे. कॅमेऱ्याने तण ओळखायचं आणि खिळ्यांनी ते मातीत दाबायचं. दोन दिवसांत तण परत उभं राहतं. खिळे रुतवून ओढायला गेलं की प्लेट सुटते. प्लेट ते खिळ्याचं टोक १०० मिमी आहे. चुंबक वाढवू की अवजारच बदलू?

कोळपं_४०
अवजार बदला. दाबलेलं रोप वाकतं, पण मूळ शाबूत राहतं आणि ओल मिळाली की शेंडा पुन्हा वर येतो. कोळप्याची पास (आडवं पातं) जे करते तेच लहान मापात करायचं: जमिनीखाली सेंटीमीटरभर सपाट सरकायचं आणि मूळ कापायचं.

स्प्रिंग स्टीलची पट्टी घ्या, १२ मिमी रुंद, १ मिमी जाड. इंग्रजी यू आकारात वाकवा, तळाची पास ४० मिमी. वाकवताना १२ मिमीची सळई आत धरा. याहून तीव्र वाकवलं तर कडक केलेली पट्टी कोपऱ्यात तडकते, आणि तापवून वाकवली तर पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो. पट्टी बाजूंनी वर जाते तिथे १० अंशाचा पीळ नको, दोन्ही उभ्या बाजू चालीच्या दिशेला धारेवर राहिल्या पाहिजेत. आडव्या राहिल्या की माती ढकलतात आणि रोपाच्या बुंध्याशी ढीग होतो.

धार एकाच अंगाने, उतार वरच्या बाजूला. तळ सपाट राहिला की पास खोली धरून ठेवते. उतार खाली आला तर माती तिला वर उचलते. शिवाय मागची कड ५ ते ८ अंश वर हवी, म्हणजे तळ मातीवर घासणार नाही. हँडलचा भाग पीईटीजी प्लास्टिकात प्रिंट करा, नेहमीचं पीएलए प्लास्टिक उन्हात मऊ पडतं. थर हँडलच्या लांबीच्या दिशेने येतील असं ठेवा, नाहीतर एम५ बोल्टच्या भोकापाशी थर सुटतात.

आता प्लेट का सुटते ते. ओढताना प्लेट तिच्या पुढच्या कडेवर कलते. त्या कडेपासून दोन चुंबक ५० मिमीवर, दोन १० मिमीवर. एकूण धरण २×१५×०.०५ अधिक २×१५×०.०१, म्हणजे १.८ न्यूटन मीटर. टोकाशी २० न्यूटन रेटा आणि १०० मिमी उंची असेल तर २ न्यूटन मीटर होतात. म्हणून सुटते. उंची ६० मिमी केली तर तोच रेटा १.२ वर येतो. आणि चुंबक बाजूच्या जोरापुढे फार कमी टिकतात, तेव्हा प्लेटला दोन शंकूच्या खुंट्या द्या. आडवा जोर त्यांनी घ्यायचा, चुंबकांनी फक्त वर धरायचं.

चुंबक वाढवू नका. दगड लागला तर काहीतरी सुटायलाच हवं, आणि ते बेल्टचे दात नसावेत.

झेड_अक्ष
रेटा अंदाजाने ठरवू नका, मोजा. पास हाताने १० मिमी खोल धरा, स्प्रिंग काट्याने आडवी ओढा. १ किलो म्हणजे साधारण १० न्यूटन. पपडी धरलेल्या वाफ्यात आणि मोकळ्या मातीत दोनदा मोजा. फरक दुप्पट-तिप्पट निघू शकतो, आणि यंत्राचं माप पपडीवरच ठरवायचं.

प्रोग्रामात तीन गोष्टी. सरळ खाली रुतवू नका: ३० मिमी पुढे जाताना १० मिमी खाली, असा उतार द्या. पास नुसती खाली दाबली तर झेडचा स्क्रू ढकलत बसतो आणि पास मातीवरच घसरते. दुसरं, वेग ५० मिमी प्रति सेकंद पुरे. तिसरं, अवजार एकाच दिशेला धार लावलेलं आहे, तेव्हा परतीची फेरी वरून उचलून करा.

कॅमेऱ्याचा खटाटोप सध्या सोडा. रोबोटने रोप कुठे लावलं हे त्याला माहीतच आहे, बाकी सगळी जागा तणाची. ४० मिमी पास, ८ मिमी ओव्हरलॅप म्हणजे ३२ मिमीवर एक पट्टा. दीड मीटरमध्ये ४७ पट्टे, एकूण १४१ मीटर, सुमारे ४७ मिनिटं. परतीचा वेग तिप्पट ठेवला तरी अख्खा वाफा साधारण तासाभरात संपतो. रोपाच्या मध्यापासून पासेच्या मध्यापर्यंत किमान ५० मिमी सोडा: अर्धी पास २०, यंत्राची चूक ५, रोपाची मुळं आणि पानं २५. पानं पसरली की हा शेवटचा आकडा वाढवत न्या.

ही खुरपणी तणाला नुसती पहिली दोन बीजदलं असताना, किंवा माती उकरली तर पांढरा धागाच दिसतो त्या अवस्थेत करायची. दर ४-५ दिवसांनी. चार पानं फुटली की तीच पास अडकून ओढायला लागते.

वाफा_आणि_वायर
दोघांचेही आभार. यू पास, ६० मिमी उंची, खुंट्या, सगळं बसवलं. प्लेट आता सुटत नाही, मोकळ्या मातीत पट्टा स्वच्छ निघतो. दोन अडचणी उरल्या. वाफ्याच्या मधोमध पास बाहेर येते आणि नुसतं खरवडते. आणि दहा-बारा पट्ट्यांनंतर यू मध्ये मातीचा गोळा बसतो. नायलॉन दोरीचं फिरतं डोकं लावलं तर?

झेड_अक्ष
मधोमध बाहेर येणं ही उंचीची चूक. सगळ्या वाफ्यासाठी एकच झेड ठेवला आहे ना? १० मिमी खोलीला ८ मिमीचा खड्डा पुरतो. एकतर वाफा फळीने सपाट करा, नाहीतर जाळीत २०० मिमीवर उंची मोजून नकाशा भरा. सगळ्यात बरं म्हणजे पास तरंगती ठेवा: २० मिमी उभी सरक, वरून हलकी स्प्रिंग, आणि पासेच्या पुढे एक छोटी घसरपट्टी. पासेची धार घसरपट्टीच्या तळापेक्षा १० मिमी खाली. मग खोली वाफ्याच्या पृष्ठभागावरून ठरते, गॅन्ट्रीवरून नाही. तरंगताना प्लेटपासूनची उंची ६० मिमीच्या वर जाऊ देऊ नका.

कोळपं_४०
गोळा बसतो तो वाफसा (मशागतीजोगी बेताची ओल) नसताना. मूठभर माती दाबून सोडा. बोटाने ढोसल्यावर फुटली तर चालवा, चिकटून राहिली तर थांबा. ठिबक किंवा पाणी आदल्या दिवशी बंद करा. खुरपणीनंतरही एक दिवस पाणी नको, कापलेलं तण ओल्या मातीत परत मूळ धरतं. वेळापत्रकात बहुतेक जण खुरपणीला लागूनच पाणी लावतात, ते उलटं काम आहे. सकाळी उन्हात खुरपा, म्हणजे संध्याकाळपर्यंत तण वाळतं. अवजाराच्या खोक्याजवळ ताठ केसांचा ब्रश बसवा, दर आठ पट्ट्यांनी पास त्यातून ओढायची.

नायलॉनचं डोकं पूर्ण वाईट नाही, पण ते पृष्ठभागावर कापतं. रुंद पानांचं कोवळं तण मरतं, गवताचा फुटवा जमिनीलगत असतो म्हणून ते पुन्हा येतं. दोरी खडे उडवते, ठिबकची नळी फाडते, आणि मोटर सुरू होतानाचा प्रवाह प्लेटवरून वीज नेणाऱ्या स्प्रिंग पिनांना सहन होईलच असं नाही. वाटेवर किंवा वाफ्याच्या कडेला वापरा, ओळीत नको.

लव्हाळा असेल तर कुठलंच अवजार एकदाने पुरणार नाही. वरचं कापलं तरी गाठ खाली राहते, दर फेरीला कापत राहावं लागतं. तरीही १० मिमीच्या खाली जाऊ नका: खोल ढवळलं की खालचं बी उजेडात येतं आणि पुढच्या आठवड्यात नवी उगवण होते.